शाळेचं ईयरबुक: नावांच्या यादीपासून शेवटच्या प्रतीपर्यंत

ईयरबुक, म्हणजे शाळेच्या एका वर्षाचं फोटोंचं पुस्तक, काढायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत मुखपृष्ठावर वाद सुरू होतो. रंग कोणता, घोषवाक्य काय, इमारतीचा फोटो की मुलांचा. हा विषय निदान दोन महिने बाजूला ठेवा. सुरुवातीला एकच प्रश्न विचारायचा: शाळेतलं प्रत्येक मूल या पुस्तकात किती वेळा दिसणार?

अमेरिकेतल्या येल कॉलेजात १८०६ साली निघालेलं एक पुस्तक पहिल्या ईयरबुकांत गणलं जातं. कॅमेरा तेव्हा नव्हताच, तरीही त्या पुस्तकाचा विषय होता त्या वर्षी बाहेर पडणाऱ्यांचे चेहरे. दोनशे वर्षांत छपाई कुठल्या कुठे गेली, पण वाचक अजूनही पुस्तक हातात आल्यावर आधी स्वतःला शोधतो, मग मित्रांना. प्राचार्यांचं मनोगत वाचणारा सापडला तर त्याचा सत्कार करावा.

यात भावनेइतकाच व्यवहारही आहे. प्रत विकत घेतो तो ज्याचा फोटो आत आहे तो, त्याचे आईवडील, आजीआजोबा. ज्या मुलाचा फक्त ओळखपत्राएवढा फोटो आहे, त्याच्या घरून मागणी येत नाही, आणि आली तर नाइलाजाने येते. त्यामुळे नियोजन, मांडणी आणि विक्री या तिन्ही कामांचा पाया एकच आहे: नावांची यादी.

आधी यादी

कॅमेरा हातात घेण्याआधी एक एक्सेल फाइल तयार करा. प्रत्येक विद्यार्थ्याची आणि कर्मचाऱ्याची एक ओळ. रकाने साधारण असे: अनुक्रमांक, वर्ग-तुकडी, छापायचं नाव, फोटोला संमती आहे की नाही, ओळखफोटो काढून झाला का, आणि शेवटी 'कुठल्या पानांवर'. हा शेवटचा रकाना सुरुवातीला रिकामा असतो. वर्षभर तो भरत जातो आणि तोच पुढे नामसूची म्हणून छापता येतो.

'छापायचं नाव' हा रकाना हजेरीपटावरून उतरवून भागत नाही. वर्गावर्गात छापील यादी फिरवा, प्रत्येकाला आपलं नाव तपासून सही करायला सांगा, लहान वर्गांत ती घरी पाठवा. ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न इथेच मिटतो. एखादी मुलगी स्वतःचं नाव 'श्रृती' असं लिहीत असेल, तर व्याकरण काहीही सांगो, पुस्तकात ते तसंच जाईल. नाव तिचं आहे. आणि यानंतरचा नियम कडक: पुस्तकात कुठेही नाव हाताने टाइप करायचं नाही. या फाइलमधून कॉपी करायचं आणि तसंच चिकटवायचं.

फाइल बदलण्याचा अधिकार एकाच माणसाकडे द्या, बाकीच्यांना ती फक्त वाचता यावी. गमतीगमतीत मित्राचं नाव बदलून ठेवणारा एखादा प्रत्येक शाळेत असतो.

संमतीचं कामही याच टप्प्यावर उरकायचं. कायदा देशागणिक वेगळा आहे. अमेरिकेत १९७४ सालच्या फर्पा या विद्यार्थ्यांच्या माहितीच्या गोपनीयतेच्या कायद्यानुसार ईयरबुकात येणारी नाव-फोटोसारखी माहिती साधारणपणे जाहीर करता येते, पण पालकांना आधी कळवावं लागतं आणि नकाराचा हक्क द्यावा लागतो. युरोपात २०१८पासून लागू झालेला जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा याहून कडक आहे. कायदा कुठलाही असो, पालकांची लेखी संमती घ्या, आणि तीत छापील पुस्तक व डिजिटल प्रत यांची परवानगी वेगवेगळी विचारा. छापील पुस्तकाला हो म्हणणारे बरेच पालक इंटरनेटवर फोटो टाकायला नाही म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे.

पानांचा हिशेब

पुस्तकाची पानं सुटी छापली जात नाहीत. मोठ्या कागदावर एकदम आठ किंवा सोळा पानं बसतात. तो कागद घडी घालून कापला की एक फॉर्म तयार होतो. म्हणून एकूण पानं सोळाच्या पटीत ठेवणं सोयीचं: ६४, ८०, ९६, ११२. शंभर हा आकडा ऐकायला छान वाटतो, पण त्या जास्तीच्या चार पानांसाठी वेगळा तुकडा छापावा लागतो.

चारशे मुलांची शाळा आणि ९६ पानं धरू. चाळीस मुलांचे दहा वर्ग. प्रत्येक वर्गाला समोरासमोरची दोन पानं दिली, तर पानावर वीस ओळखफोटो येतात. ए-४ आकारात ३० बाय ३८ मिलिमीटरचे फोटो एका रांगेत पाच, अशा चार रांगा नावांसकट आरामात बसतात आणि वर्गातल्या गमतीजमतींच्या फोटोंनाही थोडी जागा उरते. ही झाली २० पानं. नामसूचीला ४, जाहिराती आणि पालकांच्या शुभेच्छांना ८, शीर्षकपान, सुरुवात आणि समारोप मिळून ६, मित्रांच्या सह्यांसाठी कोरी २. उरली ५६ पानं, म्हणजे समोरासमोरच्या पानांच्या २८ जोड्या. छापखान्याच्या भाषेत २८ स्प्रेड.

एका स्प्रेडवर आठ फोटो आणि एका फोटोत ओळखू येणारे तिघे धरले, तर २४ चेहरे झाले. २८ स्प्रेड मिळून ६७२. ईयरबुकाच्या कामात मुरलेले शिक्षक 'प्रत्येक मूल तीनदा' असं उद्दिष्ट धरतात: एकदा ओळखफोटोत आणि दोनदा इतरत्र. चारशे मुलांना दोनदा म्हणजे ८०० जागा, आणि आपल्याकडे आहेत ६७२. तूट १२८ची. म्हणजे प्रत्येक स्प्रेडच्या कडेला पाच छोटे चेहरे आणि त्यांचं एकेक वाक्य घेतलं, की तूट भरून निघते. 'जेवणाच्या सुट्टीत तू कुठे सापडतोस?' असा साधा प्रश्न, पाच उत्तरं, पाच चेहरे. ही पट्टी शोभेची नाही, सगळा हिशेब तिच्यावर तोललेला आहे.

वर्गाचा सामूहिक फोटो या मोजणीत धरायचा नाही. पन्नास जणांच्या रांगेत तिसरा चेहरा असणं आणि पुस्तकात असणं यात फरक आहे.

आता पानांचा नकाशा करा. १ ते ९६ आकडे उभे लिहा, पान १ एकटं उजवीकडे, मग २-३, ४-५ अशा जोड्या, शेवटी ९६ एकटं डावीकडे. दोन पानांचा विषय नेहमी समपानावर सुरू होतो. हे ध्यानात ठेवलं नाही तर विषयाचं अर्धं पान उलटल्यावर दिसतं. नकाशा भिंतीवर लावा. जो विषय नकाशात नाही, त्याचे फोटो कितीही चांगले आले तरी त्यांना जागा नाही. आणि नकाशा भरताना कार्यक्रमांआधी माणसं मोजा: चित्रकला, वाचनालय, बस, प्रयोगशाळा, मैदानाचा कोपरा. संमेलनाला बारा पानं दिली तर त्याच चाळीस मुलांचे फोटो बारा पानांवर येतात.

तारखा उलट्या मोजा

वाटपाचा दिवस आधी ठरवा आणि तिथून मागे या. छपाई आणि बांधणीला तीन ते सहा आठवडे लागतात. पुठ्ठ्याची शिलाई बांधणी असेल तर सहा धरा. त्याआधी प्रुफांना, म्हणजे तपासणीच्या कच्च्या प्रतींना, दोन आठवडे. त्याआधी शेवटची पानं पूर्ण. म्हणजे वाटपाआधीच्या शेवटच्या दोन महिन्यांत घडणारं काहीही पुस्तकात येणार नाही.

यावर दोन वाटा आहेत. काही शाळा पुस्तक वर्ष संपल्यावर, सुट्टीनंतर देतात. वर्ष पूर्ण येतं, पण बाहेर पडलेली मुलं पांगलेली असतात आणि सह्या घ्यायला कोणी उरत नाही. मी वर्ष संपायच्या आत देण्याच्या बाजूचा आहे. शेवटच्या दोन महिन्यांसाठी आठ पानांची सुटी पुरवणी काढता येते, किंवा मागच्या वर्षीच्या त्या दोन महिन्यांचे फोटो यंदा घेता येतात. वाचकाला ते खटकत नाही, फक्त तसं स्पष्ट छापा.

सगळी पानं एकदम शेवटी द्यायची नाहीत. तीन हप्ते करा. पहिल्या हप्त्यात ओळखफोटो आणि वर्षाच्या सुरुवातीचे विषय, दुसऱ्यात मधलं वर्ष, तिसऱ्यात राहिलेलं. प्रत्येक हप्त्याला यादीतला 'कुठल्या पानांवर' रकाना चाळा. ज्यांच्यापुढे ओळखफोटोच्या पानाखेरीज अजून एकही आकडा नाही त्यांची नावं छायाचित्रकारांना द्या. दुसऱ्या हप्त्याला अशी साठ-सत्तर नावं निघाली तर घाबरू नका, तिसऱ्याला निघाली तर मात्र घाबरा.

सूत्र

सूत्र म्हणजे पुस्तकभर धरून ठेवलेली एक कल्पना. 'आठवणींचा प्रवास', 'स्वप्नांचे पंख' ही सूत्रं कुठल्याही शाळेला कुठल्याही वर्षी लागू पडतात, म्हणून ती निरुपयोगी. यंदा काय वेगळं होतं ते पाहा. वर्षभर इमारतीचं काम चालू असेल तर 'काम चालू आहे' हे सूत्र होऊ शकतं: पिवळ्या-काळ्या पट्ट्या, बाणांच्या खुणा आणि अपुऱ्या राहिलेल्या कामांच्या गमतीदार याद्या. कसोटी सोपी आहे. सूत्रातून पाच विभागांची पाच शीर्षकं ओढूनताणून न करता निघाली पाहिजेत. नाही निघाली तर सूत्राविना पुस्तक काढा. काही बिघडत नाही.

फोटो

छपाईचा नियम इंचाला ३०० पिक्सेल. पूर्ण ए-४ पानाचा फोटो हवा तर किमान २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात, कडेपर्यंत छापायचा असेल तर थोडे अधिक. आजच्या फोनचा कॅमेरा हे सहज देतो. घोटाळा होतो तो फोटो पाठवताना. व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलपर्यंत खाली येते, म्हणजे छपाईत जेमतेम साडेतेरा सेंटिमीटर. पडद्यावर तो सुरेख दिसतो आणि पानभर छापला की पिठूळ होतो. म्हणून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा किंवा सामायिक ड्राइव्हवर चढवायला लावा. जुना फोटो फक्त व्हॉट्सॲपवरच उरला असेल, तर तो छोट्या चौकटीत वापरा. सॉफ्टवेअरमध्ये आकार वाढवून त्यात नसलेला तपशील येत नाही.

फाइलचं नाव त्याच दिवशी बदला: तारीख, विषय, काढणाऱ्याचं नाव, क्रमांक. आणि फोटोत कोण आहे ते त्याच आठवड्यात लिहून ठेवा. चार महिन्यांनी 'डावीकडून तिसरी कोण?' याचं उत्तर शोधण्यात जो वेळ जातो, त्यात आणखी एक पुस्तक निघेल. सगळ्या फोटोंच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी हव्यात.

ओळखफोटो एकाच दिवशी, एकाच जागी काढलेले बरे. जमिनीवर पायांची खूण, कॅमेरा तिपाईवर, मागे साधी भिंत. मूल भिंतीला चिकटून नको, दोन-तीन पावलं पुढे हवं, म्हणजे मागे काळी सावली पडत नाही. उजेड मोठ्या खिडकीचा, बाजूने. नंतर कापताना सगळ्यांचे डोळे एका ओळीत आणि चेहऱ्याचा आकार सारखा ठेवा. एकाचं डोकं चौकटीला टेकलेलं आणि शेजारचा ठिपक्याएवढा, असं पान बाकी कितीही सजवलं तरी गबाळंच दिसतं. गैरहजर राहिलेल्यांसाठी आणखी दोन दिवस आधीपासूनच ठरवून ठेवा. त्यानंतरही फोटो मिळाला नाही तर राखाडी चौकोन छापू नका. त्या मुलाचा दुसऱ्या कुठल्या फोटोतला चेहरा कापून घ्या.

खेळासाठी शटरचा वेग सेकंदाचा पाचशेवा भाग किंवा त्याहून जलद. सभागृहात एवढा उजेड नसतो, तिथे आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनक्षमता, वाढवावा लागतो आणि फोटो जरा दाणेदार येतो. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. छायाचित्रकार मुलांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगा: मंचाकडे पाठ करा. नाटकातला राजा सगळ्यांच्या फोनमध्ये आहे. विंगेत मिशी सुटल्यामुळे घाबरलेला प्रधान कोणाकडेच नाही.

निवडलेला प्रत्येक फोटो पडद्यावर दुप्पट मोठा करून पाहा. मागच्या रांगेतला हातवारा, टी-शर्टावरची अक्षरं, फळ्यावर कोणाबद्दल लिहिलेलं काही. छापल्यावर हे सगळ्यात आधी मुलांनाच दिसतं.

मजकूर

लांब लेख थोडे घ्या. पुस्तकात खरोखर वाचल्या जातात त्या फोटोओळी, आणि त्याच सगळ्यात घाईत लिहिल्या जातात. 'रिले शर्यतीत धावताना विद्यार्थिनी' हे फोटोत दिसतंच आहे. फोटोत न दिसणारं लिहा: बॅटन तिसऱ्या टप्प्यात पडलं, ते कोणी उचललं, आणि तरीही संघ दुसरा कसा आला. नावं डावीकडून, पूर्ण. दहापर्यंत माणसं असतील तर सगळ्यांची नावं द्यावीत. 'आणि इतर' हे दोन शब्द ईयरबुकात बंद.

'सर्वांत आळशी', 'वर्गाचा विदूषक' असल्या बिरुदांपासून दूर राहा. ज्याला ते मिळतं तो हसतो, कारण न हसून चालत नाही. टोपणनावांचंही तसंच: ज्याचं त्याने स्वतः लेखी दिलं तरच.

एक अवघड गोष्ट शांतपणे, गरज पडण्याआधी ठरवून ठेवा. वर्षात एखाद्या विद्यार्थ्याचं किंवा शिक्षकाचं निधन झालं तर किती जागा द्यायची, काय लिहायचं. सगळ्यांना सारखी जागा, कुटुंबाच्या संमतीने. ऐन वेळी ठरवलं तर एकाला पूर्ण पान आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याला पाव पान, असं होतं. त्या घराला ते कधीच विसरता येत नाही.

मांडणी

प्रत्येक स्प्रेडवर एक फोटो बाकीच्यांपेक्षा दुप्पट-तिप्पट मोठा हवा. आठही सारखे असले की नजर कुठेच थांबत नाही. फोटोंमधलं अंतर सगळीकडे सारखं, साधारण चार मिलिमीटर. मोकळी जागा पानाच्या कडेला ढकला, मधोमध अडकवून ठेवू नका. दोन फॉन्ट पुरेत: एक शीर्षकाला, एक मजकुराला.

देवनागरीचे काही खास त्रास आहेत. वरखाली मात्रा आणि उकार असल्याने दोन ओळींत जास्त अंतर लागतं, १० पॉइंट अक्षराला १५ पॉइंटच्या आसपास. अक्षरांमधलं अंतर ताणलं की शिरोरेषा तुटते. तेव्हा रोमन शीर्षकात चालणारी ती युक्ती इथे नको. मजकूर युनिकोडमध्येच घ्या. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर आला तर आधी परिवर्तित करा आणि मग एकेक शब्द तपासा, कारण परिवर्तनात रफार आणि अर्धा र हटकून घसरतात. मुक्त आणि बालू हे दोन युनिकोड फॉन्ट फुकट मिळतात आणि छपाईत नीट उतरतात. मांडणीच्या सॉफ्टवेअरपैकी इनडिझाइनमध्ये परिच्छेदासाठी 'वर्ल्ड-रेडी कंपोजर' निवडला नाही तर जोडाक्षरं फुटतात. कॅनव्हा शिकायला सोपं आहे, पण ९६ पानांच्या एकाच फाइलवर सहा जण काम करू लागले की ते जड होतं. विभागवार फाइली करा. स्क्राइबस मोफत आहे, मात्र नवी आवृत्तीच घ्या, जुन्या आवृत्त्यांत देवनागरी धड जुळत नाही.

कडेपर्यंत जाणारा फोटो किंवा रंग कापरेषेच्या तीन मिलिमीटर बाहेर न्यावा लागतो. यालाच ब्लीड म्हणतात. मजकूर उलट कडेपासून आत ठेवायचा. बांधणीच्या बाजूला बारा मिलिमीटर तरी सोडा, आणि दोन पानांवर पसरलेल्या फोटोत मधोमध कोणाचा चेहरा येत नाही ना ते पाहा. बांधणीत तो चेहरा गिळला जातो, आणि तो कोणाचा तरी एकुलता एक फोटो असतो.

छापखान्यात

तीन मुद्रकांकडून दर मागवा, पण तिघांना एकच लेखी तपशील द्या: आकार, पानं, प्रती, कागदाचं वजन, रंगीत पानं किती, बांधणी, लॅमिनेशन, पोहोचवण्याची तारीख. तपशील वेगळे असले की दरांची तुलना निरर्थक. आतल्या पानांना १३० ते १५० जीएसएम (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम) वजनाचा मॅट, म्हणजे चकाकी नसलेला, आर्ट पेपर चांगला. चकचकीत कागदावर दिव्याचा उजेड परावर्तित होतो आणि सहीची शाई पसरते. सह्यांच्या पानांना तर साधा, विनालेपाचा कागद मागा.

प्रती थोड्या असतील तर डिजिटल छपाई स्वस्त. ऑफसेट छपाईला प्लेटांचा, म्हणजे छपाईच्या धातूच्या पत्र्यांचा, खर्च आधी होतो आणि प्रती वाढतील तसा तो विभागला जातो. सीमा नेमकी कुठे ते मुद्रकालाच विचारा, दोन्हींचे दर मागा.

बांधणीवर काटकसर करू नका. सेंटर पिन, म्हणजे मधल्या घडीत पिना मारलेली बांधणी, ६४ पानांपर्यंत ठीक. नुसत्या गोंदाची परफेक्ट बांधणी आर्ट पेपरला घट्ट धरत नाही, आणि हे पुस्तक सपाट उघडून, दाबून, वीस जणांच्या हातून जाणार असतं. साधा गरम गोंद असेल तर वर्षभरात पानं सुटू लागतात. परवडत असेल तर फॉर्म शिवून घ्या, नाहीतर पीयूआर (पॉलियुरेथेन) या जास्त पक्क्या गोंदाचा आग्रह धरा. कण्याची, म्हणजे पुस्तकाच्या पाठीची, जाडी मुद्रकाकडून घ्या. अंदाज हवा तर ९६ पानांची ४८ पत्रं, १३० जीएसएमचं एक पत्र सुमारे ०.१ मिलिमीटर, म्हणजे कणा पाच मिलिमीटरच्या आत. त्यावर लांबलचक नाव मावणार नाही, शाळेचं छोटं नाव आणि वर्ष पुरे.

पडद्यावरचा झगझगीत निळा आणि पोपटी छपाईच्या चार रंगांत मिळत नाहीत, मुखपृष्ठाला ते निवडू नका. शाई कागदात थोडी पसरते, त्यामुळे सावळे चेहरे आणि सभागृहातले फोटो अपेक्षेपेक्षा गडद उतरतात. निरनिराळ्या वर्णांचे आठ-दहा चेहरे एका पानावर घेऊन खऱ्या कागदावर चाचणी छापून घ्या, आणि त्यानुसार सगळ्या फोटोंचे मधले छटास्तर उजळवा. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा. चार रंगांच्या मिश्रणाने केलेला काळा जरासा सरकला तरी अक्षराला रंगीत कड येते.

प्रुफं

तीन फेऱ्या. पहिली मजकुराची. दुसरी फक्त नावांची: एकाने पानावरून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने यादीत खूण करायची. तिसरी मोठ्या अक्षरांची: शीर्षकं, मुखपृष्ठ, कणा, वर्ष, पानांचे आकडे. मोठी अक्षरं कोणी वाचत नाही, म्हणूनच तिथल्या चुका छापल्या जातात. ज्याने पान लावलं त्याने ते तपासायचं नाही. तपासणी कागदावर करा, फोनवर नाही. वर्गाची पानं वर्गशिक्षकांकडून सही घेऊनच पुढे जाऊ द्या. नामसूचीचे आकडे सगळी पानं गोठल्यावर शेवटी भरा.

किंमत आणि विक्री

खर्चाचे दोन ढीग करा. मांडणी, प्लेटा, छायाचित्रण हे प्रती कितीही असोत तेवढेच राहतात. कागद आणि बांधणी दर प्रतीमागे वाढतात. स्थिर खर्चाला 'किंमत वजा प्रतीमागचा खर्च' याने भागलं की किती प्रती विकल्यावर पुस्तक आपला खर्च काढेल ते कळतं. आकडे नुसते हिशेबापुरते: किंमत १००, प्रतीमागे ५५, स्थिर खर्च ९,०००. मग ९,००० भागिले ४५, म्हणजे २०० प्रती. चारशे मुलांच्या शाळेत २०० हा आकडा ठीक वाटतो, पण किंमत त्याच्या भरवशावर ठेवू नका. दीडशे विकल्या तरी नुकसान होऊ नये एवढी रक्कम जाहिराती आणि शुभेच्छांतून आधी उभी करा. इथे ती ५० प्रतींमागे ४५, म्हणजे २,२५० लागेल.

शुभेच्छांची पानं हा उत्तम मार्ग आहे. पालक आपल्या मुलाचा लहानपणीचा फोटो आणि चार ओळी देतात, अष्टमांश ते पूर्ण पान. शब्दमर्यादा आणि शेवटची तारीख छापून द्या. दुकानांच्या जाहिराती एकूण पानांच्या दहाव्या भागाच्या आत ठेवा आणि मागे एकत्र घ्या.

विक्री छपाईआधीच व्हायला हवी. नोंदणीचे तीन टप्पे: वर्षाच्या सुरुवातीला सगळ्यात कमी किमतीत, मध्यावर पूर्ण किमतीत, आणि छापायला देण्याच्या आठवडाभर आधी शेवटची संधी. नोंदणी मुलांमार्फत नको, थेट पालकांकडे पाठवा. दप्तरातून गेलेली चिठ्ठी दप्तरातच राहते. पावतीला क्रमांक, पैसे शाळेच्या खात्यात, रोज संध्याकाळी जुळवणी.

तिसऱ्या टप्प्यावर यादीचा शेवटचा रकाना कामी येतो. दोन हप्ते पूर्ण झालेले असतात, तेव्हा प्रत्येक घरी वेगळा निरोप जाऊ शकतो: 'तुमची मुलगी पान १८, ४१ आणि ६६वर आहे.' यादीतून प्रत्येकाला वेगळा निरोप तयार करणाऱ्या मेल मर्जने हे अर्ध्या तासाचं काम. भित्तिपत्रक, घोषणा, सवलती यांपैकी कशानेच इतकी नोंदणी येत नाही. आणि ज्यांना हा निरोप पाठवता येत नाही, त्यांची नावं अजूनही छायाचित्रकारांच्या यादीत असायला हवीत.

ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी काही प्रती राखून ठेवा. नावं फक्त वर्गशिक्षकांना माहीत असावीत आणि वाटपाच्या रांगेत त्यांची प्रत इतरांसारखीच हातात पडावी. नोंदणीपेक्षा पाच टक्के जास्त छापा, त्याहून नको. उरलेले गठ्ठे पुढच्या वर्षी कोणी विकत घेत नाही.

वाटप

खोकी आल्यावर सही करण्याआधी मोजा. प्रत्येक खोक्यातल्या एक-दोन प्रती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळा. एखादा फॉर्म उलटा शिवलेला किंवा दोनदा आलेला असू शकतो, आणि सदोष प्रती बदलून देण्याची अट कामाच्या आदेशातच लिहिलेली हवी. वाटप वर्गवार यादीवर सही घेऊन करा, शक्यतो दिवसाच्या शेवटच्या दोन तासिकांत. म्हणजे उरलेला वेळ सह्यांत जातो आणि त्या दिवशी कोणी शिकवण्याचा आग्रह धरत नाही.

इतकं करूनही कोणाचं नाव चुकलं असेल, तर त्याच दिवशी त्या घरी फोन करा, आणि सगळ्या प्रतींसाठी चिकटवायची दुरुस्तीपट्टी छापा. डिजिटल प्रत दिलीच तर संकेतशब्दाच्या मागे, फक्त संमती असलेल्यांच्या फोटोंसह.

दोन प्रती वाचनालयात, एक कार्यालयात. पुढच्या चमूसाठी एका फोल्डरमध्ये खुल्या फाइली, फॉन्ट, छपाईची पीडीएफ, मुद्रकाला दिलेला तपशील आणि टप्प्याटप्प्याच्या नोंदणीचे आकडे ठेवा. नावांची यादी मात्र संमतीच्या रकान्यासह शाळेच्या कार्यालयात जमा करा, कोणाच्या खासगी लॅपटॉपवर ती राहू देऊ नका.